सिग्नल पूर्ण आहे

नव्या इंटरनेट कंपनीच्या त्या बाईला मी फोनवर जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. लिहिलं तर धाकट्याच्या मुली वाचतील आणि म्हणतील, आत्या असं बोलते? बोलते. पन्नाशी उलटली तरी बोलते. आईने लहानपणी मला ठिणगी हे नाव ठेवलं ते काही लाडाने नव्हे.

त्या बाईने एवढंच विचारलं होतं, "मॅडम, टीव्ही एकदा बंद करून पुन्हा चालू केलात का?"

चार दिवसांत हा प्रश्न मला अकराव्यांदा विचारला जात होता. मी टीव्ही बंद करून चालू केला होता. नव्या कंपनीचा राउटर, ज्याला आम्ही घरात डबाच म्हणतो, तो बंद करून चालू केला होता. मेन स्विच पाडून सगळं घरच बंद करून चालू केलं होतं.

"आता फक्त मला बंद करून चालू करायचं राहिलंय," मी म्हणाले, "येताय का करायला?"

"मॅडम, आमच्याकडून तुमची लाईन व्यवस्थित दिसते आहे."

"तुमच्याकडून दिसून काय उपयोग? टीव्ही माझ्याकडे आहे!" आणि त्यापुढचं ते न लिहिण्यासारखं.

फोन ठेवून मान वर केली तर समोर उभा असलेला भाजीवाला आपला काटा काउंटरवर सोडून बाहेर फुटपाथवर जाऊन उभा राहिला होता. मी हाक मारली तेव्हा म्हणाला, "नाही ताई, तुमचं होऊ दे. मला घाई नाही."

मी वजनकाटे दुरुस्त करते. बाबांचा धंदा, बाबांनंतर माझा. खाली कारखाना, वर घर. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन बाकं, पितळी वजनांची पेटी, आणि दुरुस्तीला आलेले भाजीवाल्यांचे, सोनारांचे, दवाखान्यातले बाळं तोलायचे काटे. वर पलंगावर आई. तिच्या डाव्या हाताशी मी काउंटरवरची जुनी घंटी ठेवली आहे, तळहाताने दाबली की टिंग वाजते ती. काही हवं असलं की आई घंटी दाबते आणि मी जिना चढते. हाक मारणं तिला जमत नाही. सात महिन्यांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर बोलणंही.

आणि बोलणं कुणाचं गेलं, तर आमच्या आईचं! तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती ती. डोक्याला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, त्यावर बारके दिवे, आणि हातात दोऱ्या. या भोकातून दोरी उपसायची, त्या भोकात खुपसायची, आणि तोंडाने अखंड बोलत राहायचं. घरी आली की जेवताना आम्हाला दिवसभराच्या गमती सांगायची. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की बाबा घास हातात धरून हसत बसायचे. त्या बाईला आता "पाणी" म्हणायचं असलं तर कपाळावर घाम येतो.

डोकं शाबूत आहे. सगळं कळतं, सगळं आठवतं. शब्द तेवढा सापडत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, पहिल्या वर्षात जेवढं परत येईल तेवढं खरं. आणि एका बाईंचा पत्ता दिला. या बाई रविवार सोडून रोज सकाळी साडेदहाला इंटरनेटवरून टीव्हीवर बोलण्याचा वर्ग घेतात. पडद्यावर त्यांचा चेहरा एवढा मोठा येतो की ओठ, दात, जीभ सगळं दिसतं. त्या अर्धं वाक्य म्हणतात, "सकाळी उठून मी तोंड..." आणि थांबतात. नुसत्या थांबतात, आणि घराघरांतून आमच्या आईसारखी माणसं ते वाक्य पुरं करायला धडपडतात.

घरच्यांसाठी बाईंचा एकच नियम होता. शब्द पुरवायचा नाही. मनात वीस मोजायचे आणि गप्प बसायचं.

मला वीस कधी जमले नाहीत. सहा-सात झाले की आईचा तो लाल झालेला चेहरा बघवत नसे आणि माझ्याच तोंडून "धुते" निघून जाई. आई रागाने माझ्याकडे बघे. मी म्हणे, अगं मदत करतेय ना तुला! कारखान्यात मी काटा स्थिर होईपर्यंत पाच-पाच मिनिटं श्वास रोखून बसते, आणि घरात वीस आकडे मोजवत नाहीत. स्वभाव म्हणायचा, दुसरं काय.

तरीसुद्धा वर्गाने शब्द येत होते. मी वही केली होती. जो शब्द आईने न सांगता स्वतः म्हटला तो वहीत. पाणी, उशी, नको, बाबा, पडदा, जा. पाच महिन्यांत एकतीस शब्द. माझं नाव त्यात नव्हतं. मी ते मनाला लावून घेतलं नव्हतं, असं मी धाकट्याला सांगायचे.

आणि आता तपासणी तोंडावर आली होती. महिनाअखेरच्या सोमवारी बाई एकेकाला व्हिडिओ फोनवर समोरासमोर भेटणार होत्या. जो स्वतःचं तीन शब्दांचं वाक्य बोलेल तो पुढच्या गटात. तिथे पाचच माणसं, आणि बाई प्रत्येकाला वेगळा वेळ देतात. पाठ केलेलं चालणार नाही, घरच्यांनी भरवलेलं चालणार नाही. ज्याला जमणार नाही त्याला पुन्हा सहा महिने थांबायचं. आईकडे सहा महिने कुठे होते? पहिलं वर्षच पाच महिन्यांत संपणार होतं.

नेमकं त्याच वेळी जुन्या कंपनीचं इंटरनेट मरायला टेकलं. बाई "सकाळी उठून मी" म्हणायच्या आणि पडद्यावर त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. आईसुद्धा बिचारी तोंड उघडून बसायची. पडदा गोल-गोल फिरत राहायचा. दोन आठवडे मी तक्रारी केल्या. शेवटी शनिवारी सकाळी त्यांचा माणूस आला, इकडे-तिकडे बघून म्हणाला, "तुमच्या भागात असंच आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, असंच आहे ना? मग घ्या तुमचं असंच! आणि त्याच्यासमोर, आईसमोर, आईच्या खोलीतल्या कपाटामागे हात घातला आणि त्या डब्याची वायर खस्सकन ओढून काढली. "ही घ्या तुमची लाईन!" तो माणूस म्हणाला, "डबा न्यायला दुसरा कोणी येईल," आणि पळाला. दुसरा कोणी आला नाही. मीही त्या कपाटामागे पुन्हा बघितलं नाही.

त्याच शनिवारी दुपारी नवी कंपनी आली. त्यांची तार बाहेरच्या खोलीपर्यंतच येत होती म्हणून नवा डबा बाहेरच्या खोलीत बसला. लांबच्या शहरातून धाकटा फोनवर सूचना देत होता. संगणकातलं त्याला कळतं, निदान आमच्या घरात तोच एक आहे ज्याला कळतं.

"ताई, ऐक, एक युक्ती सांगतो. नव्या डब्याला जुनंच नाव दे आणि पासवर्डही जुनाच. म्हणजे टीव्ही, तुझा फोन, कुठेच काही बदलावं लागणार नाही. घरातल्या कशाला कळणारसुद्धा नाही की कंपनी बदलली."

मला पटलं. मी नाव दिलं "वजनकाटा", पासवर्ड तोच. फोन आपोआप लागला. बाहेरच्या खोलीत बसून मी बाईंचा जुना एक वर्ग लावून बघितला, काय सुरेख चालला! मी आईला जाऊन सांगितलं, "जिंकलो गं!"

सोमवारी साडेदहाला टीव्ही लावला. काळा पडदा आणि त्यावर एक ओळ: इंटरनेट उपलब्ध नाही.

तिथून माझे ते दिवस सुरू झाले. टीव्हीवर "वजनकाटा" नाव दिसत होतं. जोडलेलं दिसत होतं. सिग्नल पूर्ण. आणि इंटरनेट नाही. मी ॲप काढून पुन्हा टाकलं. रिमोटने एकेक अक्षर टोचत पासवर्ड पुन्हा घातला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा रिमोट गादीवर आपटला. मंगळवारी धाकट्याने सांगितलं म्हणून टीव्ही पार कोरा केला, दुकानातून आणल्यासारखा. पुन्हा भाषा निवडा, पुन्हा तारीख, पुन्हा "वजनकाटा". जोडलं. सिग्नल पूर्ण. इंटरनेट नाही.

"सिग्नल पूर्ण आहे म्हणतेस ना?" धाकटा म्हणाला. "मग डबा ठीकच आहे. दोन भिंतींच्या आडून पूर्ण सिग्नल म्हणजे चांगलाच डबा दिला की त्यांनी."

"तुझ्या चांगल्या डब्याला काय चाटू?"

फोनवर वर्ग लावून फोन आईसमोर धरला, तर तिच्या खोलीत शिरताच तोही बंद पडला. म्हटलं, भिंतींचा परिणाम. मग शेजाऱ्यांच्या मदतीने आईला खुर्चीतून बाहेरच्या खोलीत आणलं. फोन चालला, पण पडद्यावर बाईंचं तोंड शेंगदाण्याएवढं. झटक्यापासून आईला उजवीकडचं अर्धं दिसतच नाही. तिने दोन मिनिटं डोळे बारीक केले आणि मान फिरवली. परत पलंगावर नेताना तिचा गेलेला हात दारात अडकून खरचटला. त्या दिवशी मी टीव्हीवाल्यांनाही फोन करून शिव्या दिल्या. त्यांनी सांगितलं, नव्या इंटरनेट कंपनीला विचारा.

आणि या सगळ्यात आईचं एक निराळंच चाललं होतं. सोमवारी पहिल्यांदा काळा पडदा आला तेव्हाच तिने घंटी वाजवली. मी म्हटलं, "थांब गं, बघतेय." तिने पुन्हा वाजवली. मी वळून बघितलं तर डावा हात वर करून हवेत काहीतरी धरल्यासारखं करत होती आणि झटकन खाली ओढत होती. पुन्हा धरायची, पुन्हा ओढायची. तोंडाने, "जु... जु..."

"जा? मी जाऊ?"

तिने मान हलवली. धरलं, ओढलं.

मला कळलं. मला वाटलं, मला कळलं. वायर! मी रागाच्या भरात ओढून काढलेली वायर! म्हणजे आई मला सुनावत होती. तूच ओढलीस. चालत होतं तेवढं तरी चालत होतं, तुझ्या संतापापायी तेही गेलं.

"हो, मीच ओढली!" मी म्हणाले. "तुझ्यासाठीच ओढली ना? ते बाईंचं उघडं तोंड बघत बसायचं होतं का अजून?"

आईने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने पुन्हा टिंग.

मंगळवारी तेच, बुधवारी तेच. मी टीव्हीमागे वाकलेली असायची आणि पाठीमागून टिंग, टिंग, टिंग. वळावं तर ते हवेतलं ओढणं. माझे कान किटले. बुधवारी मी ओरडले, "अगं किती वेळा ऐकवशील? कळलं! चुकलं माझं! आता काय फाशी घेऊ?" आणि त्याच दुपारी तिला पाणी हवं होतं आणि "पाणी" हा शब्द आला नाही. वहीतला पहिला शब्द. तिने पेल्याकडे बोट दाखवलं, ओठ हलवले, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी जिन्यात बसून रडले आणि मग खाली जाऊन सोनाराच्या काट्याचा स्क्रू इतका पिळला की त्याचे आटे गेले.

गुरुवारी नव्या कंपनीच्या त्या बाईला फोनवर ते सगळं बोलले. त्याचा एक फायदा झाला, शुक्रवारी सकाळी त्यांचा दुरुस्तीवाला आला.

साठीला टेकलेला, शांत, पायातले बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवणारा माणूस. बाहेरच्या खोलीत डब्याजवळ बसून त्याने आपलं यंत्र लावलं, आकडे बघितले, म्हणाला, "लाईन एकदम उत्तम." मी म्हटलं, चला आत. आत टीव्हीसमोर उभं राहून त्याने सगळं तपासलं. नाव बरोबर. पासवर्ड बरोबर. सिग्नल पूर्ण.

"टीव्हीच गेलाय, मॅडम. जुना झाला."

"शनिवारपर्यंत चालत होता! तुमचं नेट आल्यावर एका दिवसात म्हातारा झाला का तो?"

टिंग.

"आई, प्लीज."

टिंग, टिंग. त्या माणसाने वळून बघितलं. आईने त्याच्याकडे बघत हवेत हात वर केला, धरलं, ओढलं. मग उरलीसुरली सगळी ताकद लावून, "जु... जु..." तो माणूस दोन पावलं पलंगाकडे गेला.

"आजी काहीतरी सांगताहेत," तो म्हणाला.

"ती मला टोमणे मारतेय," मी म्हणाले. "आमचं घरचं आहे ते. तुम्ही तुमचं बघा."

त्याने खांदे उडवले आणि कागदावर लिहिलं: ग्राहकाच्या टीव्हीत दोष. माझी सही मागितली. मी सही केली नाही. बूट घालताना म्हणाला, "राग मानू नका मॅडम, पण आजींना विचारून बघा एकदा." मी दार आपटलं.

शनिवार उजाडला. सोमवारी तपासणी. आईने पूर्ण आठवड्यात एकही नवा शब्द म्हटला नव्हता आणि वहीतले कमीत कमी चार हरवले होते. मी ठरवलं, बस्स झालं. या खोलीत नेट येत नाही ना? मग टीव्हीच बाहेर न्यायचा. पलंगही नेऊ. कारखाना बंद ठेवला, हत्यारांची पेटी वर आणली, स्टुलावर चढले आणि भिंतीवरच्या चौकटीचे स्क्रू काढायला लागले. दहा वाजले होते. अर्ध्या तासात वर्ग लावायचा होता.

टिंग.

मी बघितलंच नाही.

टिंग. टिंग. टिंगटिंगटिंग.

"वाजव! वाजव अजून!" मी भिंतीला तोंड करून बोलत होते. "पूर्ण आठवडा नाचतेय मी तुझ्यासाठी. कंपन्यांचे पाय धरले, लोकांचे शिव्याशाप घेतले, धंदा बंद ठेवला. आणि तू काय करतेस? ओढलीस, ओढलीस, ओढलीस!"

घंटी येऊन माझ्या पाठीत बसली. खरंच सांगते, भिरकावली तिने. डाव्या हाताने, पडल्या पडल्या, चांगली पाव किलोची पितळी घंटी. मी स्टुलावरून पडता पडता वाचले. वळले आणि जे मनात होतं ते सगळं एका दमात बाहेर पडलं.

"काय आहे काय तुझं? काय सांगायचंय? बोल ना एकदाचं! बोल!"



जिचं बोलणं गेलंय त्या बाईला मी ओरडून "बोल" म्हटलं होतं. स्वतःच्या आईला. स्टुलावरून उतरले आणि तिच्या उशाशी जमिनीवर बसले, पाठ पलंगाला लावून. स्क्रू-ड्रायव्हर हातात तसाच. माफ कर म्हणावं तर तेही तोंडातून निघेना. मी गप्प बसले. बाईंचा नियम आठवला म्हणून नव्हे, मोजत तर मी नव्हतेच. माझ्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून.

किती वेळ गेला कोण जाणे. विसाच्या पुष्कळ पुढे गेला असणार. पाठीमागे आईचा श्वास ऐकू येत होता. मग,

"जु... ना."

मी हलले नाही.

"ड... बा."

तिचा हात माझ्या खांद्यावरून पुढे आला. धरलं, ओढलं.

"काढ."

मी समोर बघितलं. मी प्रथमच तिच्या उशीच्या उंचीला बसले होते. उभं राहिलं की खिडकीचा पडदा आड येतो, पण इथून कपाट आणि भिंत यांच्यामधली फट थेट दिसते. त्या फटीत, खाली, धुळीत एक लाल दिवा लुकलुकत होता.

जुना डबा! शनिवारी मी खस्सकन ओढली ती टेलिफोनची वायर होती. विजेची वायर तशीच होती. डबा जिवंत होता, आपल्या नावाने, "वजनकाटा" या नावाने, पूर्ण सिग्नल देत बसला होता, आणि त्याच्यामागे काहीही नव्हतं. आणि धाकट्याच्या शहाणपणामुळे नव्याचंही नाव तेच, पासवर्डही तोच. टीव्हीला दोघांतला फरक कळायचं कारणच नव्हतं. दोन हातांवरचा डबा सोडून दोन भिंतींपलीकडचा तो कशाला शोधेल? फोनसुद्धा या खोलीत शिरला की यालाच चिकटत होता.

आणि ते ओढणं! जेवताना तिने शंभर वेळा आम्हाला सांगितलं होतं. बोलणं संपलं की बोर्डावर दिवा लागतो. मग दोरी ओढून काढायची. नाही काढली तर नवा माणूस त्याच मेलेल्या लाईनीवर हॅलो हॅलो करत बसतो. ती मला टोमणा मारत नव्हती. ती तीस वर्षांची ऑपरेटर मला सांगत होती की बोर्डावर दिवा लागलाय, दोरी काढ. सोमवारी सकाळी साडेदहाला तिला कळलं होतं. ती लाल दिव्याकडे बघत पडली होती आणि मी फोनवर जगाशी भांडत होते.

मी गुडघ्यांवर सरकत गेले, फटीत हात घातला आणि प्लग काढला. दिवा विझला. टीव्ही थोडा वेळ घुटमळला, "वजनकाटा" शोधत राहिला, आणि मग तिरक्या लोंबकळत्या पडद्यावर बाईंचा मोठाच्या मोठा चेहरा आला. मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती हसत असेल. ती हसत नव्हती. ती प्रचंड चिडलेली होती. आठवडाभराचा राग तिच्या डोळ्यांत होता आणि तो तिच्या हक्काचा होता. मी तिचा हात धरला तर तिने सोडवून घेतला आणि टीव्हीकडे बोट केलं. वर्ग सुरू होत होता.

"चुकलं गं," मी म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुपारी धाकट्याला फोन केला. "तुझ्या युक्तीला आग लाव," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आई तीन शब्द बोलली?" तोपर्यंत माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. बोलली होती, पण ऐकायला मी एकटीच होते.

सोमवारी अकरा वाजता बाईंचा फोन आला. मी फोन आईच्या डाव्या डोळ्यासमोर, अगदी जवळ धरला.

"काकू, कशा आहात?" बाई म्हणाल्या. "आज मी काही विचारणार नाही. तुम्हाला जे म्हणायचंय ते म्हणा. तुमचं स्वतःचं. मी थांबते."

आणि त्या थांबल्या. मी मनात मोजायला लागले. पाच. सहा. आईचा चेहरा लाल झाला. सात. आठ. माझ्या जिभेवर जुना डबा काढ, जुना डबा काढ नाचत होतं, मी दात घट्ट मिटून घेतले. बारा. आईच्या ओठांची डावी कड हलली. पंधरा. तिने फोनवरची नजर काढली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"ठिण... गी," ती म्हणाली.

सात महिन्यांत पहिल्यांदा. मी आकडे विसरले.

"ऐकत..." श्वास. "...नाही."

बाईंनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि हसून विचारलं, "ठिणगी ऐकत नाही? कोण हो ही ठिणगी, काकू?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं. प्रश्न आईला विचारला होता.